नव्या शाळेची पारख

चैत्र-वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं आमच्या गांवाच्या चौकाचौकांतून शाळांचे फलक झळकूं लागतात. अमुक विद्यालय, तमुक अकॅडमी. प्रवेश देणें चालू आहे. जागा थोड्या आहेत, त्वरा करा. फलकावर हंसणारीं मुलें असतात. तीं बहुधा या गांवचीं नसतात, आणि पुष्कळदां या देशाचींही नसतात. पूर्वीं तालुक्याच्या गांवीं मुलानें कोणत्या हायस्कुलांत जावें हा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. कारण हायस्कूल एकच असे, फार तर दोन. आज पालकांस निवड करावी लागते, आणि निवड कशी करावी हें त्यांस कोणीं सांगितलेलें नसतें.

गेल्या एप्रिलमध्यें बाजारपेठेंत शिवणकामाचें दुकान चालविणारे एक गृहस्थ माझ्या घरीं आले. त्यांचा थोरला मुलगा आमच्या शाळेंतून दहावी होऊन गेलेला. धाकटी मुलगी सातवी संपवून आठवींत जाणार होती. गांवाबाहेरच्या रस्त्यावर आदल्या जूनमध्यें एक नवी माध्यमिक शाळा उघडली होती. पांचवी ते आठवीचे वर्ग तेथें भरत होते, व येत्या जूनपासून नववी सुरू होणार होती. त्या शाळेचें गुळगुळीत माहितीपत्रक त्यांच्या हातांत होतें.

“सर, मुलीला इथं घालावी म्हणतों. तुमचं काय मत?”

“शाळा पाहिलीत का?”

“पाहिली ना. तीन मजले आहेत. खेळायला मैदान आहे. वर्गांत फळ्याच्या जागीं मोठा पडदा लावलाय. बस घरापर्यंत येणार.”

“गणित कोण शिकवितात?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तें कांहीं विचारलं नाहीं, सर.”

त्या दिवशीं मीं त्यांस जें तुटकतुटक सांगितलें, तेंच येथें जरा सविस्तर मांडतों. हें वार्षिक ज्या घरीं जाते त्या घरीं धाकटीं भावंडेंही असतात, आणि हाच प्रश्न त्यांच्याही आईबापांपुढें आज ना उद्यां येणार आहे.

प्रथम माझ्याविषयींचीच एक शंका दूर केली पाहिजे. जुन्या शाळेंतील शिक्षक नव्या शाळेविषयीं बोलूं लागला म्हणजे जुन्या दुकानदारानें शेजारच्या नव्या दुकानाचा माल तपासल्यासारखें दिसतें. तसा संशय कोणास आल्यास मी त्यास दोष देणार नाहीं. परंतु जुन्या शाळांचें वकीलपत्र मीं घेतलेलें नाहीं. एकेका तुकडींत साठ-सत्तर मुलें कोंबणें, पंधरा वर्षांपूर्वींच्या टिपणांवर आजचा तास भागविणें, हुशार मुलांस पुढच्या बांकांवर व बाकीच्यांस देवाच्या हवालीं ठेवणें, हे प्रकार जुन्या शाळांतही चालतात, आणि यांतील दुसऱ्या दोषापासून प्रस्तुत लेखकही सर्वस्वी मुक्त आहे असें नाहीं. जुन्या शाळेची कीर्ति ही कित्येकदां आजोबांनीं मिळविलेली इस्टेट असते, आणि नातू ती थोडी थोडी विकून खात असतात.

शिवाय, आज जुन्या म्हणून नांवाजलेल्या शाळा कधींतरी नव्याच होत्या. पुण्यास १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी या मंडळींनीं जी शाळा काढली, तिचें नांवच न्यू इंग्लिश स्कूल. भाड्याच्या वाड्यांत ती भरे. १९१९ मध्यें भाऊराव पाटलांनीं कऱ्हाडजवळच्या काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९४० मध्यें त्या संस्थेनें साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल काढलें, तेव्हां तिच्याजवळही दाखवावयास मोठें वैभव नव्हतें. पहिल्या वर्षीं अशा शाळेजवळ निकाल नसतो, माजी विद्यार्थी नसतात, मानाचीं पदकें नसतात. असतात तीं फक्त माणसें. त्या काळच्या पालकांनीं आपलीं मुलें त्या माणसांच्या हवालीं केलीं. आजच्या पालकासही नव्या शाळेंत पारखावयाचें तें हेंच. फरक इतकाच कीं आज माणसांपुढें इमारत उभी राहते व तीं झांकून टाकते.

नव्या शाळा एवढ्या संख्येनें कां निघत आहेत हेंही समजून घ्यावें. आमच्या राज्यांत महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, २०१२ हा कायदा झाला, आणि स्वतःच्या पैशावर शाळा चालविण्याची तयारी असलेल्या संस्थांस मार्ग मोकळा झाला. अशा शाळेस सरकारी अनुदान नाहीं. म्हणजे शिक्षकाचा पगार, विजेचें बिल, इमारतीच्या कर्जाचा हप्ता, हें सर्व मुख्यतः फीमधूनच निघावयाचें. यांत पाप कांहीं नाहीं. परंतु ज्या शाळेंत मुलें भरलीं नाहींत, त्या शाळेंत पहिली कात्री कशावर चालते, याचा विचार पालकांनीं करावा. कर्जाचा हप्ता बँक सोडीत नाहीं. वीज तोडली जाते. मागें उरतो तो शिक्षक. याआधीं ‘कायम विनाअनुदान’ या तत्त्वावर शाळा दिल्या जात. त्यांतील ‘कायम’ हा शब्द २००९ सालीं काढला गेला, तरी पुढें वीस-वीस टक्क्यांनीं अनुदान पदरांत पडेपर्यंत शेंकडों शिक्षकांचे केस पांढरे झाले. त्यांपैकीं कांहीं माझे बी.एड्.चे सोबती होते. दिवसा शाळेंत इंग्रजी शिकवून संध्याकाळीं ते दुसऱ्याच्या दुकानांत हिशेब लिहीत.

आतां कागदपत्रांविषयीं. हा भाग रुक्ष आहे, पण येथें चूक झाली तर ती मुलाच्या दहावीच्या वर्षीं उघडकीस येते, आणि तेव्हां ती दुरुस्त होत नाहीं. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याप्रमाणें मान्यतेवांचून शाळा चालवितां येत नाहीं; पण त्या कायद्याची हद्द आठवीपर्यंत आहे. आठवीपर्यंतची मान्यता ही नववी-दहावीची मान्यता नव्हे. नवी शाळा दरसाल एक वर्ग वर चढत जाते. तिला कोठें ‘नैसर्गिक वाढ’ म्हणतात, कोठें ‘दर्जावाढ’ म्हणतात. शब्द कोणताही असो, आदेशाचा कागद डोळ्यांनीं पाहावा, त्यावर इयत्ता कोणत्या लिहिल्या आहेत तें वाचावें, आणि माध्यम कोणतें लिहिलें आहे तेंही वाचावें. पुष्कळ संस्थाचालक यु-डायसचा अकरा अंकी क्रमांक दाखवून पालकांचें समाधान करितात. तो क्रमांक शाळांच्या गणतीसाठीं आहे. तो असला म्हणजे मान्यता असते असें नाहीं. शंका वाटल्यास जिल्हा परिषदेंत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांचें कार्यालय आहे, तेथें अर्धा दिवस मोडावा. अनधिकृत शाळांच्या याद्याही शिक्षणखात्याकडून वेळोवेळीं जाहीर होतात. त्या वर्तमानपत्रांत आंतल्या पानावर येतात आणि ज्यांनीं वाचावयाच्या ते वाचीत नाहींत.

शाळा केंद्रीय मंडळाची म्हणविणारी असेल तर सावधगिरी दुप्पट हवी. ‘संलग्नतेसाठीं अर्ज केला आहे’ आणि ‘संलग्नता मिळाली आहे’ या दोन वाक्यांत मुलाचें एक वर्ष मावतें. हा धोका काल्पनिक नाहीं. २०२० च्या फेब्रुवारींत केरळांतील कोची येथें एका शाळेच्या दहावीच्या पंचवीस-तीस मुलांस, परीक्षा तोंडावर आली असतां, आपल्या शाळेस मंडळाची संलग्नताच नाहीं असें कळलें, व तीं परीक्षेस मुकलीं. आमच्याकडे अशा वेळीं ‘दुसऱ्या शाळेच्या नांवावर बसवूं’ किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भरूं’ असें सांगितलें जातें. सतरा नंबरचा फॉर्म हा ज्यांची शाळा कांहीं कारणानें सुटली अशा खाजगी विद्यार्थ्यांसाठीं आहे, आणि त्यांच्यासाठीं तो मोठाच आधार आहे. दररोज गणवेश घालून, फी भरून शाळेंत जाणाऱ्या मुलासाठीं तो नाहीं. असें आश्वासन जेथें मिळेल तेथून माहितीपत्रक परत करून घरीं यावें.

कागद झाले. आतां मुख्य गोष्ट, आणि ती सांगतांना मला माझाच एक दोष सांगावा लागेल.

बी.एड्. झाल्यावर वयाच्या चोविसाव्या वर्षीं मी एका लहान गांवच्या नव्या शाळेंत रुजू झालों. शाळेचें तें दुसरें वर्ष. नववीचें गणित व विज्ञान माझ्याकडे होतें. मानधन ठरलेलें होतें, पण त्याची तारीख ठरलेली नव्हती. मे महिन्याचा पगार मिळणार नाहीं असें आरंभींच सांगण्यांत आलें होतें. वर्गांत एकतीस मुलें होतीं आणि तीं मनापासून शिकत होतीं. बीजगणितांत अवयव पाडणें हा भाग त्यांस अवघड जाई. मी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबून तो करून घेत असें. दिवाळीच्या सुटींत मला दुसरीकडे कायम जागेचें पत्र आलें. सुटी संपल्यावर मी एक दिवस गेलों, राजीनामा दिला, आणि वर्गाचा निरोप घ्यावयास उभा राहिलों. मागच्या बांकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, सातवीपासून गणिताचे तुम्ही चौथे.” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, तो केवळ मोजून सांगत होता. माझ्यानंतर मार्चपर्यंत तेथें गणितास कोणी मिळालें नाहीं. पुढच्या वर्षीं दहावींत त्या वर्गापैकीं निम्म्याहून अधिक मुलें गणितांत नापास झालीं, हें मला त्याच शाळेंतील एका सोबत्यानें कळविलें. घरीं आई आजारी होती, नियमित पगार पाहिजे होता. आजही तसाच प्रसंग आला तर मी बहुधा तेंच करीन. परंतु त्या मुलांचें जें नुकसान झालें त्यांत माझा वांटा होता, हें मला नाकारतां येत नाहीं.

तेव्हांपासून माझें असें ठाम मत झालें आहे कीं नव्या शाळेंत पहिला प्रश्न इमारतीचा नव्हे, शिक्षक टिकण्याचा विचारावा. शाळेस एक वर्ष झालें असेल तर सरळ विचारावें: गेल्या जूनमध्यें जे शिक्षक होते, त्यांपैकीं आज किती आहेत? आठांपैकीं सहा असतील तर इमारतीस गिलावा नसला तरी चालेल. आठांपैकीं दोन असतील तर मैदानावर हिरवळ पसरलेली असली तरी तिचा उपयोग नाहीं. शाळा अगदींच नवी असेल तर विचारावें कीं शिक्षकांस लेखी नेमणूकपत्र दिलें आहे काय, पगार बँकेंतून होतो काय, आणि तो बारा महिन्यांचा आहे कीं दहा महिन्यांचा. हें विचारणें पालकांस अप्रशस्त वाटतें; आपण मुलास घालावयास आलों, दुसऱ्याच्या पगाराची चौकशी कशास, असें त्यांच्या मनांत येतें. वास्तविक खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या शर्ती १९७७ च्या कायद्यानें बांधून दिल्या आहेत, आणि अनुदान असो वा नसो, तो कायदा खाजगी शाळांस लागू आहे. जी संस्था शिक्षकाशीं कायद्यानें वागत नाहीं ती तुमच्या मुलाशीं कशी वागेल, याची अटकळ बांधावयास दुसरा पुरावा नको. नववी-दहावीस शिकविणारा पदवीधर व बी.एड्. आहे काय, आणि ज्या विषयांत त्याची पदवी तोच विषय तो शिकवितो काय, हेंही पाहावें. इतिहासाच्या पदवीधरानें विज्ञानाचे तास घेणें ही गोष्ट नव्या शाळांत सांगण्यापलीकडे सर्रास आहे.

शाळा पाहावयास जावें तें उद्घाटनाच्या दिवशीं नव्हे, आणि ‘खुल्या दिवशीं’ही नव्हे. कामाच्या दिवशीं दुपारीं, मधल्या सुटीनंतर जावें. त्या वेळीं शिक्षक थकलेला असतो, मुलें सुस्तावलेलीं असतात, आणि शाळेचा खरा चेहरा दिसतो. एखाद्या मुलाची वही मागून पाहावी. लाल शाईच्या खुणा आहेत काय? नुसती बरोबरची खूण व खालीं सही आहे, कीं चूक कोठें झाली तेंही लिहिलें आहे? पानें उलटतांना मध्यें महिनाभराचा खंड दिसला तर तेथें शिक्षक बदललेला असतो, असें खुशाल समजावें. मग प्रयोगशाळा पाहावी. राज्य मंडळाच्या दहावीस विज्ञानाचे वीस गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. कांचेच्या कपाटांत परीक्षानळ्या रांगेनें उभ्या आहेत आणि एकीवरही डाग नाहीं, हें चिन्ह चांगलें नव्हे. वापरणाऱ्या शाळेंत दोन-चार फुटलेल्या असतात.

फीविषयीं थोडक्यांत. २०११ च्या शुल्क विनियमनाच्या कायद्याप्रमाणें फी ठरवितांना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची संमति घ्यावी लागते, व ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षें राहते. इमारत निधि, विकास निधि अशा नांवाखालीं प्रवेशाच्या वेळीं पावतीवांचून कोणी रक्कम मागेल तर तें देणगी घेण्यास बंदी करणाऱ्या १९८७ च्या कायद्याच्या विरुद्ध आहे. आणि ज्यांचीं मुलें पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेवर विनाशुल्क शिकत आहेत, त्यांनीं विसरूं नये कीं ती सवलत आठवीस संपते. नववीच्या जूनमध्यें पूर्ण फीची पावती हातांत पडते, आणि मूल ओळखीची शाळा सोडून भलत्याच वर्गांत जाऊन बसतें. हा विचार आठवींत नव्हे, पांचवींतच करून ठेवावा.

इमारतीस मीं कमी लेखलें असें कोणी म्हणूं नये. इमारतींतही पाहण्याजोगें पुष्कळ आहे. फक्त तें दर्शनी बाजूस नसतें. १६ जुलै २००४ रोजीं तमिळनाडूंतील कुंभकोणम् येथें एका शाळेस आग लागून ९४ मुलें दगावलीं. स्वयंपाकघराच्या झांपांच्या छपरानें पेट घेतला होता, आणि वरच्या मजल्यावरच्या मुलांस बाहेर पडावयास पुरेशी वाट नव्हती. पुढें २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें देशांतील सर्व शाळांसाठीं अग्निसुरक्षेविषयीं आदेश दिले. तेव्हां तीन मजली शाळा दाखविली तर जिने किती, असा प्रश्न करावा. दुसऱ्या जिन्याचें दार उघडून पाहावें. कित्येक ठिकाणीं तेथें मोडकीं बांकें रचून ठेवलेलीं असतात. मुलींच्या स्वच्छतागृहास कडी आहे काय व नळास पाणी येतें काय, हें आईनें स्वतः जाऊन पाहावें. नववींतल्या मुली महिन्यांतून चार-चार दिवस गैरहजर कां राहतात, याचें उत्तर मीं वीस वर्षें हजेरीपट भरून शिकलों आहें, आणि तें उत्तर अभ्यासांत नाहीं. बसवर बाई मदतनीस असते काय, शिपाई-चालकांची पोलिसांकडून पडताळणी झाली आहे काय, हेंही संकोच न धरतां विचारावें. जी शाळा या प्रश्नांनीं रागावेल ती तशीही सोडण्यासारखीच.

आणखी एक गोष्ट. नव्या शाळेस निकाल नसतो, म्हणून ती बहुधा दुसऱ्याचा निकाल दाखविते. त्याच संस्थेच्या दूरच्या शहरांतील शाळेचा असतो, किंवा एखाद्या शिकवणीवर्गाचा असतो. तो पाहूं नये. त्याऐवजीं मुख्याध्यापकांस विचारावें कीं नववींत एखादा मुलगा मागें पडला तर आपण काय करितां? शंभर टक्के निकालाचा एक सोपा मार्ग आम्हां सर्व शिक्षकांस ठाऊक आहे. कच्च्या मुलास नववींत अडकवावें, किंवा पालकांस बोलावून गोड शब्दांत दाखला घेण्यास सुचवावें, म्हणजे दहावीच्या यादींत पक्कींच उरतात. हा रोग जुन्या शाळांतही आहे. नव्या शाळेंत तो अधिक बळावतो, कारण तिला नांव लवकर मिळवावयाचें असतें. ‘तसा मुलगा आमच्याकडे नसतोच’ असें उत्तर आलें तर समजावें कीं तो घालविला जातो. ‘जादा तास घेतों, पण सगळेच निभावतात असें नाहीं’ असें कोणी म्हणालें, तर त्या माणसावर विश्वास ठेवावा.

यांतील बहुतेक त्या शिंपीबुवांस मीं सांगितलें. त्यांनीं तें दुकानाच्या मापाच्या वहींत, छाती-कंबरेच्या आंकड्यांखालीं, लिहून घेतलें. दोन दिवसांनीं दुपारच्या वेळीं ते पत्नीस घेऊन त्या शाळेंत गेले. परत आले ते सांगूं लागले, “सर, मान्यतेचा कागद दाखवला, दहावीपर्यंत आहे. दुसरा जिना आहे, पण त्याला कुलूप होतं. मीं म्हटलं, हें उघडं ठेवा, तर त्यांनीं माझ्यासमोर काढलं. नळ्या फुटलेल्या आहेत. गणिताला एक बाई आहेत, गेल्या जूनपासूनच्या. पगार बारा महिन्यांचा मिळतो का, असं विचारलं तर हंसल्या, आणि अकराचा मिळतो म्हणाल्या.” त्या अकरा महिन्यांवर आम्हीं बराच वेळ खल केला. शेवटीं मुलीस तेथें घालण्याचें ठरलें, आणि पालक-शिक्षक संघाच्या समितीसाठीं आपलें नांव द्यावयाचें, बारावा महिना तेथें काढावयाचा, असेंही त्यांनीं ठरविलें.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडल्या, त्या दिवशीं संध्याकाळीं मी मुद्दाम त्यांच्या दुकानावरून गेलों. मशीन थांबवून ते बाहेर आले. मीं मुलीची प्रकृति विचारली, धंद्याचें विचारलें, आणि मग गणिताच्या बाई सुटीनंतर आल्या काय, असें विचारलें. आल्या होत्या.